ओहोटीची वाट आणि कुलाब्याचा किल्ला

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर समुद्रात बांधलेले किल्ले पुष्कळ आहेत. जंजिरा, पद्मदुर्ग, सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्ग, खांदेरी, उंदेरी ही त्यांतील ठळक नावे. या किल्ल्यांवर जायचे तर होडीवाचून गत्यंतर नाही. अलिबागसमोरचा कुलाबा किल्ला मात्र या सर्वांहून थोडा निराळा आहे. भरतीच्या वेळी तो चारी बाजूंनी पाण्याने वेढलेला असतो, आणि ओहोटी लागली की किनाऱ्यापासून त्याच्या दरवाजापर्यंत वाळूची आणि खडकाची वाट उघडी पडते. दिवसातून दोनदा तो बेट होतो आणि दोनदा जमिनीला जोडला जातो. पायात वहाणा असोत वा नसोत, लहानथोर माणसे घोट्याएवढ्या पाण्यातून चालत त्या तटापाशी पोचतात. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी घोडागाडी आहे आणि भरतीत होडी आहे.

आपल्या संस्थेच्या शाळांतून सहली निघतात तेव्हा कुलाब्याचे नाव यादीत बहुधा असते. मुले जातात, तटावर चढतात, तोफेवर बसून छायाचित्र काढतात आणि परत येतात. त्या वाटेने जाताना आपण कशावरून चाललो, ती वाट कोणाच्या हिशेबाने उघडते, आणि त्या तटाच्या इतिहासात आपल्या पूर्वजांचा काही भाग होता की नव्हता, हे त्यांना सांगणारे कोणी नसते. म्हणूनच हा लेखप्रपंच.

भरती, ओहोटी आणि चांद

प्रथम या वाटेचा हिशेब समजून घेऊ. समुद्राचे पाणी चढते आणि उतरते ते मुख्यतः चंद्राच्या आकर्षणामुळे. सूर्याचाही त्यात वाटा आहे, पण तो कमी. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात. म्हणजे भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पुरी ओहोटी. आज ज्या वेळी भरती आली त्याच्या सुमारे ५० मिनिटे उशिरा ती उद्या येणार. अमावास्या आणि पौर्णिमा या दिवशी सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येतात. दोघांचा जोर एकत्र होतो आणि पाणी फार चढते व तितकेच फार उतरते. हे उधाण. अष्टमीच्या सुमारास दोघांचा जोर एकमेकांस काटकोनात पडतो, तेव्हा पाणी कमी चढते व कमी उतरते. ही भांगाची भरती.

कोकणातील कोळी आणि खलाशी यांच्याकडे यासाठी एक सोपा तोंडी हिशेब आहे. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणावे, म्हणजे भरती किती वाजता पुरी होणार ते निघते. अष्टमीला आठ पाऊणे सहा. म्हणजे भरती सकाळी सहाला व संध्याकाळी सहाच्या पुढे, आणि ओहोटी दुपारी बाराच्या सुमारास. द्वादशीला बारा पाऊणे नऊ. भरती सकाळी नऊला, ओहोटी दुपारी तीनच्या पुढे. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचे. हा हिशेब मुंबई-अलिबागच्या किनाऱ्याचा. त्यात पंधरा-वीस मिनिटांचा, कधी अर्ध्या तासाचा फरक पडतो, पण अंदाज घ्यायला तो पुरेसा आहे.

आपल्या घरातील मुलांना तिथी ठाऊक नसते, परंतु चांदाची तारीख ठाऊक असते. हिजरी महिनाही चंद्रावरच चालतो. तो चंद्रदर्शनाने सुरू होतो, म्हणजे अमावास्येनंतर एखाददुसऱ्या दिवशी. त्यामुळे चांदाच्या तारखेत एक मिळवला की शुद्ध पक्षातील तिथी जवळपास हाती येते. १२ रबीउलअव्वलचा दिवस घ्या. तिथी साधारण तेरावी. तेरा पाऊणे पावणेदहा. म्हणजे त्या दिवशी सकाळी पावणेदहाच्या सुमारास भरती पुरी होणार आणि दुपारी चारच्या सुमारास पाणी उतरलेले असणार. वर्ष कोणतेही असो, पावसाळा असो वा उन्हाळा, हा हिशेब फारसा बदलत नाही. घरातील भिंतीवर जी दिनदर्शिका ईद आणि रमजान पाहण्यासाठी टांगलेली असते, तीच समुद्राचेही वेळापत्रक आहे, हे किती मुलांना आपण सांगितले आहे?

हे ज्ञान एका जमातीचे नव्हते. नवव्या शतकात बल्ख येथील अबू माशर या ज्योतिर्विदाने आपल्या मोठ्या ग्रंथात चंद्र आणि भरती-ओहोटी यांचा संबंध तपशिलाने मांडला. बाराव्या शतकात त्या ग्रंथाची लॅटिन भाषांतरे झाली आणि युरोपातील विद्वानांनी हा विषय बराचसा त्यावरून अभ्यासला. अल्-बिरूनीने १०३० च्या सुमारास हिंदुस्थानावर जो ग्रंथ लिहिला त्यात भरती-ओहोटीवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. येथील जाणते लोक रोजची भरती चंद्राच्या उदयास्तावरून आणि महिन्याची भरती चंद्राच्या वाढण्या-घटण्यावरून ठरवतात, असे तो नोंदवतो. सोमनाथ या नावाचा, म्हणजे चंद्राच्या स्वामीचा, संबंधही तो समुद्राच्या याच चढउताराशी जोडतो. या सर्वामागचे कारण आकर्षणाच्या नियमाने पुढे १६८७ साली न्यूटनने सांगितले. योगायोग असा की तेव्हा कुलाब्याचा तट उभा राहून सहाच वर्षे झाली होती.

किल्ला कसा झाला

कुलाब्याच्या खडकावर किल्ला बांधण्याचे काम शिवाजी महाराजांच्या आज्ञेने १६८० च्या मार्च महिन्यात सुरू झाले. पुढच्याच महिन्यात, ३ एप्रिल १६८० रोजी, महाराजांचे निधन झाले. उरलेले काम संभाजी महाराजांनी १६८१ मध्ये पुरे करवून घेतले.

हा खडकच का निवडला, हे समजण्यासाठी त्याआधीच्या काही महिन्यांकडे पाहावे लागते. १६७९ च्या पावसाळ्याअखेर मराठ्यांनी मुंबईच्या तोंडावरील खांदेरी बेटावर तटबंदी घालावयास आरंभ केला. ते काम मायनाक भंडारी करीत होता. मुंबईचे इंग्रज घाबरले आणि त्यांनी बेटाला वेढा दिला. १८ ऑक्टोबर १६७९ रोजी मराठ्यांचे आरमार चालून गेले आणि इंग्रजांचे डव्ह नावाचे गलबत त्यांच्या हाती पडले. या आरमाराचा सरदार होता दौलतखान. पुढे इंग्रजांच्या मदतीस जंजिऱ्याचा सिद्दी कासम आला. १६८० च्या जानेवारीत त्याने शेजारचे उंदेरी बेट घेतले. खांदेरी मात्र मराठ्यांकडेच राहिली. अशा वेळी खांदेरीला किनाऱ्यावरून रसद आणि पाठबळ देणारे एक पक्के ठाणे जवळच हवे होते. कुलाब्याचा खडक त्या कामाला योग्य होता.

बांधणीचे एक वैशिष्ट्य विद्यार्थ्यांनी जवळ जाऊन पाहावे. तटाचे मोठमोठे दगड चुन्याने सांधलेले नाहीत. ते नुसते एकमेकांवर बसवलेले आहेत. लाट येऊन आदळली की पाणी फटींतून आत शिरते आणि तिचा जोर मोडतो. गुळगुळीत सांधलेल्या भिंतीला जो तडाखा सोसावा लागला असता तो या तटाला सोसावा लागत नाही. सव्वातीनशेहून अधिक पावसाळे त्यावरून गेले आहेत. ज्या पाथरवटांनी तो रचला त्यांची नावे कोणत्याही कागदात नाहीत, पण त्यांचे शहाणपण अजून उभे आहे.

ओहोटीत जमिनीला जोडला जाणारा किल्ला बांधणे ही चूक तर नव्हती? असा प्रश्न कोणी विचारील. तिचे उत्तर असे की या वाटेचे फायदे आणि तोटे दोन्ही आहेत. भरतीत पायदळ किल्ल्याजवळ येऊ शकत नाही आणि ओहोटीत खडकांमुळे मोठी जहाजे जवळ येऊ शकत नाहीत. दोन्हीकडून एकदम हल्ला करायचा तर शत्रूला समुद्राचे वेळापत्रक पाठ हवे. उलट किल्ल्यातील माणसांना धान्य, माणसे आणि जनावरे ओहोटीत सहज आणता येतात. वाट उघडी पडते ही उणीव मात्र खरीच, आणि तिची जाणीव बांधणाऱ्यांना होती. म्हणून मुख्य किल्ल्याच्या उत्तरेला सर्जेकोट नावाचा लहान कोट बांधला गेला व तो बांधाने जोडला गेला. किनाऱ्यावर हिराकोट पुढे १७२० मध्ये कान्होजी आंग्रे यांनी बांधला.

समुद्रावर कोण होते?

आता त्या प्रश्नाकडे वळू, जो आपल्या घराघरांतील मुलांच्या मनात असतो आणि जो ते मोठ्याने क्वचितच विचारतात. शाळेच्या पुस्तकात लढाई आली की एका बाजूला हिंदू आणि दुसऱ्या बाजूला मुसलमान, असे चित्र त्यांच्या मनात उमटते. मग वर्गात बसलेला आपला मुलगा स्वतःला कोणत्या बाजूला बसवणार? कोणी त्याला दुसऱ्या बाजूला ढकलतो, तर कधी तो स्वतःच सरकून बसतो. दोन्ही गोष्टी इतिहासाला धरून नाहीत.

खांदेरीची लढाई पुन्हा डोळ्यांसमोर आणा. मराठ्यांच्या आरमाराचा सरदार दौलतखान मुसलमान. त्याचा साथीदार मायनाक भंडारी हिंदू. समोर इंग्रज, आणि त्यांच्या जोडीला मोगलांच्या बाजूने लढणारा सिद्दी कासम, तोही मुसलमान. कृष्णाजी अनंत सभासदाने आपली बखर महाराजांच्या मृत्यूनंतर वीस वर्षांच्या आत लिहिली. आरमारावर नेमलेल्या दोन सुभेदारांपैकी दर्यासारंग हा मुसलमान आणि मायनाक हा भंडारी, असे ती बखर सांगते. या माणसांनी आपापल्या धन्याची चाकरी केली. समुद्र जाणणारी माणसे सर्वांनाच हवी होती, आणि ती कोळ्यांत, भंडाऱ्यांत तशीच मुसलमानांत होती.

ती मुसलमानांत का होती, याचेही उत्तर याच किनाऱ्यावर आहे. अलिबागच्या दक्षिणेला काही कोसांवर चौल आहे. अरब प्रवासी ज्याला सैमूर म्हणतात ते चौलच, असे अभ्यासक मानतात. अल्-मसूदी हा प्रवासी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इसवी सन ९१६-१७ च्या सुमारास, सैमूरला आला. तेथे सुमारे दहा हजार मुसलमान राहात असल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. त्यांत सिराफ, ओमान, बसरा, बगदाद येथून आलेले होते आणि येथेच जन्मलेलेही होते. त्यांचे तंटे सोडवण्यासाठी त्यांच्यातीलच एकाला येथील राजाकडून प्रमुख नेमले जाई. त्या वेळी या प्रदेशावर राष्ट्रकूटांची सत्ता होती. म्हणजे दिल्लीला सुलतानाचे तख्त मांडले जाण्याच्या सुमारे तीनशे वर्षे आधी कोकणात मुसलमानांची शांततेने नांदणारी व्यापारी वस्ती होती. हे लोक तलवार घेऊन घाट उतरले नव्हते. मोसमी वाऱ्यावर शीड सोडून ते बंदरात आले, येथे राहिले आणि येथलेच झाले.

याची साक्ष आपल्या रोजच्या भाषेत आहे. दर्या आणि बंदर हे फारसी शब्द. नाखवा हा फारसी नाखुदाचा कोकणी अवतार. मोसम, खलाशी हे अरबीतून आलेले. अरबी जझीरा म्हणजे बेट, त्याचा जंजिरा झाला. गुराब हे लढाऊ जहाजाचे नावही अरबीच, आणि आरमार हा शब्द तर पोर्तुगीजांकडून आला. कोळी जेव्हा नाखवाला हाक मारतो तेव्हा तो शब्द कोणाचा, असे विचारीत नाही. हजार वर्षे एकाच पाण्यावर पोट भरणाऱ्यांची भाषा अशीच तयार होते.

अलिबाग या नावाची गोष्टही लक्षात ठेवण्याजोगी आहे. अलीने येथे विहिरी खणल्या, बागा लावल्या, म्हणून हे अलीचे बाग, अशी हकीकत सांगितली जाते. हा अली एक श्रीमंत मुसलमान होता, असे एक मत. तो बेने इस्राएल, म्हणजे आपल्याकडील यहुदी समाजातला होता, असे दुसरे. अलिबागच्या परिसरात बेने इस्राएलांची जुनी वस्ती होती. तेल गाळण्याचा धंदा करणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. दोन्ही समाज ज्याला आपला म्हणतात असा माणूस विहिरी खणणारा आणि झाडे लावणारा असावा, यापेक्षा चांगली गोष्ट गावाच्या नावाबद्दल काय सांगता येईल?

आंग्र्यांचा काळ

१७१३ मध्ये पेशवे बाळाजी विश्वनाथ आणि कान्होजी आंग्रे यांच्यात तह झाला आणि इतर किल्ल्यांबरोबर कुलाबा कान्होजींकडे राहिला. तेथपासून तो आंग्र्यांच्या सत्तेचे केंद्र झाला. आपल्या बंदरांतून आणि किनाऱ्यावरून जाणाऱ्या गलबतांनी आपला परवाना घ्यावा, असा कान्होजींचा आग्रह होता. इंग्रजांनी त्यांना चाचा ठरवले. पण परवान्याची हीच पद्धत या समुद्रावर पोर्तुगीजांनी आधी दोनशे वर्षे चालवली होती. परक्याने केले तर तो कायदा आणि घरच्याने केले तर ती चाचेगिरी, हे त्या काळचे माप होते.

१७२१ च्या अखेरीस इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी एकत्र येऊन कुलाब्यावर मोहीम केली. पोर्तुगीजांचे मोठे सैन्य जमिनीवरून आले आणि समुद्रावर कमोडोर मॅथ्यूज याची इंग्रज लढाऊ जहाजे होती. सातारकरांकडून बाजीराव पेशवे कुमक घेऊन आले. दोन युरोपीय सत्तांचे आपसात जमले नाही, हल्ला फसला, पोर्तुगीजांनी वेगळा तह करून अंग काढून घेतले आणि इंग्रजांनी अपयशाचे खापर त्यांच्यावर फोडले. कान्होजींचे निधन १७२९ मध्ये झाले. त्यांची समाधी अलिबाग गावात आहे.

पुढे घरातील भाऊबंदकीने आंग्र्यांची ताकद खचली. १७८७ मध्ये किल्ल्यात मोठी आग लागून आंग्र्यांचा वाडा जळाला. १८४० मध्ये वारस नाही या कारणाने इंग्रजांनी संस्थान खालसा केले. १८४२ मध्ये किल्ल्यातील लाकडी इमारतींचा लिलाव झाला आणि दगड अलिबागच्या पाणीपुरवठ्याच्या कामाला नेले गेले. ज्या किल्ल्याला तोफा लागू पडल्या नाहीत तो अखेर लिलावाच्या हातोड्याखाली आला. कुलाबा हे नाव मात्र जिल्ह्याला चिकटून राहिले. १९८१ मध्ये बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले मुख्यमंत्री असताना त्या जिल्ह्याचे रायगड असे नामांतर झाले. शिवाजी महाराजांच्या राजधानीचे नाव जिल्ह्याला देण्याच्या वेळी राज्याच्या प्रमुखपदी कोकणातील एक मुसलमान होता, हेही आपल्या मुलांना ठाऊक असावे.

किल्ल्यात काय पाहावे

ओहोटीच्या वाटेने गेल्यावर किल्ल्याचा किनाऱ्याकडील मुख्य दरवाजा लागतो. त्यावर प्राण्यांची कोरीव कामे आहेत, ती वर मान करून पाहावीत. किल्ला उत्तर-दक्षिण लांबट असून त्याला सतरा बुरूज आहेत. पिंजरा, नगारखानी, तोफखानी, दारूखानी अशी त्यांची नावेच त्यांचे काम सांगतात. आत रघुजी आंग्रे यांनी १७५९ मध्ये बांधलेले सिद्धिविनायकाचे मंदिर आहे. तेथे माघात उत्सव होतो. किल्ल्यातच हाजी कमालुद्दीन शाह यांचा दर्गा आहे. दोन्ही ठिकाणी ओहोटीच्या एकाच वाटेने माणसे येतात आणि भरतीच्या आधी एकाच वाटेने परततात.

सर्वांत नवल वाटते ते गोड्या पाण्याचे. चोहीकडे खारा समुद्र, आणि आत गोड्या पाण्याची विहीर व पुष्करणी. पावसाचे पाणी साठवावे, त्यात खारे पाणी शिरू देऊ नये, हे ज्यांना जमले त्यांनाच समुद्रात किल्ला लढवता आला. उत्तरेच्या तटावर चाकांच्या गाड्यांवर ठेवलेल्या दोन इंग्रजी तोफा आहेत. त्यांवर यॉर्कशायरमधील लो मूर येथील कारखान्याचे नाव आहे. या तोफांनी मराठ्यांची एकही लढाई पाहिलेली नाही. त्या आंग्र्यांच्या अस्तानंतरच्या आहेत. सहलीत कोणी तुम्हाला या कान्होजींच्या तोफा म्हणून सांगितले, तर नम्रपणे तोफेवरील अक्षरे वाचून दाखवा. इतिहासाचा अभ्यास येथूनच सुरू होतो.

वाटेचे नियम

ही वाट प्रेमळ आहे, पण ती कोणाची वाट पाहात नाही. भरती एकसारख्या गतीने चढत नाही. समजा, ओहोटी आणि भरती यांत बारा फुटांचे अंतर आहे. पहिल्या तासात पाणी साधारण एक फूट चढते, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात पुन्हा तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. पहिल्या तासात काही फारसे झाले नाही असे पाहून जो निर्धास्त बसतो, त्याला पुढच्या दोन तासांत पाणी गाठते. शिवाय पाणी समोरून चाल करून येतेच असे नाही. ते प्रथम सखल भागातून शिरते. समोरची वाळू कोरडी दिसते आणि मागची घळ भरलेली असते.

म्हणून चार गोष्टी पाळाव्यात. पाणी उतरत असतानाच निघावे. पुरी ओहोटी झाली की परतीचा विचार करावा, आणि पाणी चढू लागल्यावर किल्ल्यात रेंगाळू नये. अष्टमीच्या सुमारास ओहोटी भर दुपारी येते खरी, परंतु भांग असल्याने पाणी पुरते उतरत नाही. अमावास्या-पौर्णिमेस ते खूप उतरते, पण ती ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी येते. सहलीसाठी एकादशी-द्वादशीच्या आसपासचे दिवस सोयीचे पडतात. पावसाळ्यात या वाटेला जाऊ नये. खडकांवर कालवांच्या धारदार कडा असतात, तेव्हा पायात काही घालावे. आणि सर्व हिशेब करूनही किनाऱ्यावरील कोळ्याला विचारल्यावाचून पाऊल टाकू नये. ओहोटी मागे गेली आणि वाट बुजली तर पोहत येण्याचे धाडस न करता होडीची वाट पाहावी, किंवा पुढच्या ओहोटीपर्यंत किल्ल्यातच थांबावे. सहा-सात तास भूक सोसणे परवडते.

बुजलेल्या वाटा

अशी वाट एकट्या अलिबागला नव्हती. आजची मुंबई ही सात बेटे होती आणि त्यांतील कित्येक बेटांत ओहोटीतच जाता येई. मुंबईतला कुलाबाही त्यांतलाच. १८३८ मध्ये तेथे बांधरस्ता होण्यापूर्वी लोक ओहोटीची वेळ पाहून खाडी ओलांडीत, भरतीत होड्या उलटून माणसे बुडत. वांद्रे आणि माहीम यांमधील खाडीवर १८४५ मध्ये रस्ता झाला, तो जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी अवाबाई यांनी दिलेल्या देणगीतून. एका पारशी बाईच्या दानावरून आजही सर्व धर्मांची माणसे कामाला जातात. हाजी अलीच्या दर्ग्याची पायवाट ही मुंबईकरांना ठाऊक असलेली भरती-ओहोटीची वाट. तेथे जाणाऱ्या भाविकाला समुद्राची वेळ विचारूनच निघावे लागे.

या वाटा बुजल्या, पूल झाले, हे चांगलेच झाले. परंतु त्याबरोबर वेळ विचारण्याची सवयही गेली. आपल्या कोकणातील मुस्लिम वस्त्यांतून पिढ्यान्‌पिढ्या खलाशी, सारंग आणि तांडेल निघाले. आकाशाकडे पाहून वारा आणि चांदाकडे पाहून पाणी सांगणारे बुजुर्ग अजून काही घरांत आहेत. त्यांची मुले-नातवंडे शिकली, नोकरीला लागली, परदेशी गेली. त्यात दुःख मानण्यासारखे काही नाही. आपली संस्थाच मुळी मुलांनी शिकावे यासाठी आहे. दुःख याचे वाटते की त्या बुजुर्गांजवळ जे होते तेही एक शिक्षण होते, आणि ते कोणी वहीत उतरवून घेतले नाही.

विद्यार्थी मित्रांनो, हे काम तुमचे आहे. आपल्या गावच्या बंदरात कोणती गलबते येत, त्यांवर कोण जात, पाऊणकीचा हिशेब घरात कोणाला येतो, जुन्या कागदांत, कबरींवरील अक्षरांत, जमिनीच्या दस्तांत काय लिहिले आहे, हे विचारा, वाचा आणि तारखेसह लिहून ठेवा. ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणून लिहा आणि कागदात पाहिलेली कागदातली म्हणून. दौलतखानाचे नाव अभिमानाने घ्या, पण त्याच दमात मायनाक भंडाऱ्याचेही घ्या. ज्याला स्वतःचा इतिहास पुराव्यानिशी सांगता येतो त्याला वर्गात कोणत्याही बाजूला सरकून बसावे लागत नाही.

आणि पालकांना एवढीच विनंती, की पुढच्या सुट्टीत मुलांना घेऊन कुलाब्याला जा. निघण्यापूर्वी चांदाची तारीख मुलाला पाहायला सांगा आणि ओहोटीची वेळ त्यालाच काढू द्या. त्याचे गणित बरोबर आले आहे की नाही, हे किनाऱ्यावरचा कोळी सांगेल.